कात्रीत सापडलेली गोळी

संध्याकाळी सात-साडेसातला खांदा कॉलनीतल्या किंवा नवीन पनवेल स्टेशनजवळच्या एखाद्या मेडिकलसमोर जरा वेळ उभे राहिले, की पनवेलच्या विद्यार्थ्यांचा औषधांशी व्यवहार कसा चालतो ते पुस्तकावाचून कळते. पाठीला सॅक, हातात मोबाइल, कुणाला कर्जतची गाडी पकडायची घाई. ‘‘दादा, डोलो द्या चार.’’ ‘‘एक पॅन-डी.’’ ‘‘सर्दीवर काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या प्रॅक्टिकल आहे.’’ चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवतही नाही. काउंटरमागचा माणूस पंधराच्या स्ट्रिपमधून कात्रीने चार गोळ्या कापतो, पाकिटात टाकतो, मोबाइलवर पैसे आल्याचा आवाज होतो आणि पुढचा गिऱ्हाईक सरकतो.

त्या कापलेल्या तुकड्याकडे एकदा नीट पाहावे. गोळीचे अर्धेमुर्धे नाव मागच्या चंदेरी पत्र्यावर असते. बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख बहुधा स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. ते टोक आपल्या वाट्याला आले तर आले, नाहीतर दुकानातच राहिले. दोन महिन्यांनी हाच तुकडा पाऊचच्या तळाशी, चार्जरच्या वायरीत गुंतलेला सापडतो आणि रूममेटच्या डोकेदुखीवर ‘हे घे, माझ्याकडे आहे’ म्हणून पुढे केला जातो.

या मुलांना औषधांतले काही कळत नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. चांगू काना ठाकूर महाविद्यालयातला बी.कॉम.चा मुलगा असो की पिल्लई कॉलेजमधली इंजिनिअरिंगची मुलगी, डोलो, पॅन-डी, कॉम्बिफ्लाम, मेफ्टाल, अझिथ्रोमायसिन ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्या आईवडिलांना त्या वयात एवढी ठाऊक नव्हती. अडते ते नावाच्या पुढे. किती घ्यायची, कशाबरोबर, किती दिवस, आणि कुठल्या आजारात हात लावायचा नाही. सीनियरने सांगितलेल्या नावाबरोबर ही माहिती येत नाही. ती थोडीफार स्ट्रिपवर असते, बाकीची डॉक्टरच्या आणि फार्मासिस्टच्या डोक्यात.

स्ट्रिपवर काय काय असते? १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांनी लेबलचा जवळजवळ प्रत्येक कोपरा ठरवून दिला आहे. आरएक्स ही खूण आणि ‘नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे’ हा इंग्रजी इशारा म्हणजे ते औषध शेड्यूल एच मधले. कडेची तांबडी उभी रेघ तेच सांगते. तिच्याकडे लोकांनी बघावे म्हणून आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झाले. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या नि चिंतेवरच्या गोळ्या अशी ४६ औषधे सुरुवातीला त्यात घातली. ती विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. वडापावचे पैसे देताना दिवसातून दहादा कोड स्कॅन करणाऱ्या पिढीने स्ट्रिपवरचा कोड कधी स्कॅन केला आहे का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आता डोलोतल्या पॅरासिटामॉलचा हिशेब करू, कारण ही सगळ्यात साधी गोळी आणि हिशेब चुकतो तो इथेच. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या, की ३.९ ग्रॅम भरतात. ताप आला म्हणून मुलगा दर सहा तासांनी एक, अशा दिवसात चार गोळ्या घेतो. झाले २६०० मिलिग्रॅम. नाक वाहते म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा. बाजारातल्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, ५०० मिलिग्रॅम धरले तर आणखी १५००. बेरीज ४१०० आणि मर्यादा ओलांडली. त्याने तर आपल्या मते दोन वेगवेगळी औषधे घेतली होती. अंग दुखते म्हणून वर एखादी कॉम्बिफ्लाम घेतली तर तीतही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहेच.

यकृत हे औषध निकालात काढताना त्यातला थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलते आणि ग्लुटाथिऑन नावाचे शरीरातले द्रव्य त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली, किंवा तीन दिवस पोटात अन्न नसल्यामुळे अथवा दारूमुळे ग्लुटाथिऑनचा साठाच कमी असला, की ते विष यकृताच्या पेशींवर उलटते. दगाबाज गोष्ट ही, की पहिला दिवसभर फारसे काही जाणवत नाही. मळमळ होते, ती तापाची समजून सोडून दिली जाते. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तरच त्याचा पुरा भरवसा. (सर्दीच्या त्याच गोळीत नाक मोकळे करण्यासाठी म्हणून फेनिलएफ्रिन असते. पोटातून घेतल्यास त्याचा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. उरतो तो झोप आणणारा क्लोरफेनिरामिन, आणि तो घेऊन पोरगा बाइकवरून हायवेला लागतो.)

पनवेलचा पावसाळा म्हटला की ताप आलाच. गाढी नदीला पूर येतो, नव्या टॉवरांच्या पायाभरणीत पाणी साचते आणि जुलैपासून डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) यांचे रुग्ण दिसू लागतात. या दिवसांत तापासाठी कुठली गोळी घेतली याला एरवीपेक्षा जास्त महत्त्व येते. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही औषधे उरलेल्या प्लेटलेटचे काम बिघडवतात आणि जठराचे अस्तरही दुखावतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डेंग्यूची शंका असेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल, हा डॉक्टरांचा आग्रह. अंग मोडून आले म्हणून ‘स्ट्राँग पेनकिलर’ मागणाऱ्याला नेमके चुकीचे औषध मिळण्याची शक्यता या मोसमात सगळ्यात जास्त.

मलेरियाची तऱ्हा वेगळी. आपल्याकडच्या व्हायव्हॅक्स मलेरियात क्लोरोक्विनचे तीन दिवस झाले की थंडीताप जातो आणि माणूस हिंडूफिरू लागतो. पण परजीवीचा एक प्रकार यकृतात झोपी गेलेला असतो, त्यावर क्लोरोक्विन चालत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस, तेही जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता नाही ना हे पाहून. ताप उतरल्यावर पाचव्या दिवशी गोळ्या बंद केलेला मुलगा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरून झोपतो आणि घरचे म्हणतात, ताप उलटला. उलटत नाही, तो गेलेलाच नसतो. महापालिकेच्या किंवा सरकारी केंद्रात मलेरियाची रक्ततपासणी आणि ही औषधे फुकट मिळतात.

‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य मात्र सगळ्या औषधांना सरसकट लावू नये. मलेरियाला, क्षयाला ते शब्दशः खरे आहे. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोगनिवारणाचे काम वर्षानुवर्षे चालले आहे, आणि औषधाला दाद न देणारे जंतू कसे तयार होतात याचा धडा कुष्ठरोगाच्या इतिहासात आहे. डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे देत राहिल्याने जंतू त्याला सरावले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेला दोन-तीन औषधे एकत्र द्या असे सांगावे लागले. उलट साध्या घसादुखीवर, जी बहुतेक वेळा विषाणूमुळे असते, अझिथ्रोमायसिनचा कोर्स पूर्ण केला काय आणि अर्धा सोडला काय, तो सुरूच करायला नको होता. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तीन दिवसांत घसा आपोआप बरा होतो आणि श्रेय गोळीला जाते. पुढच्या वेळी तीन गोळ्यांचा तोच पॅक, न विचारता. भारतातल्या खासगी औषधविक्रीच्या २०१९ च्या आकड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाई नियतकालिकात आला, त्यात सर्वाधिक खपाचे अँटिबायोटिक निघाले ते अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. जिवाणूजन्य दुखण्यांतही किती दिवस पुरेत याबद्दल डॉक्टरांमध्येच फेरविचार चालू आहे. आपल्या मनाने थांबू नये, आणि आपल्या मनाने सुरूही करू नये. दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो.

विद्यार्थ्यांनाच बोल लावण्यातही अर्थ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ डॉक्टरांना क्षयासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली होती. २०१० मध्ये छापलेल्या त्या पाहणीत बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले सहा. पुढे डिसेंबर २०११–जानेवारी २०१२ मध्ये त्याच गटाने कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. चुकीच्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठीशिवायच्या गोळ्या, दोन्ही एकाच खड्ड्यात नेतात.

पनवेलचे औषधांशी नाते तसे जुने आहे. श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२ साली सुरू झाला, रेल्वे-हायवेच्या कितीतरी आधी. वैद्यकीच्या त्या परंपरेत औषधाइतकेच अनुपान महत्त्वाचे: मधातून, तुपातून, कोमट पाण्याबरोबर. आजीला ते कळत होते. नातवाला वाटते, गोळी आहे, घोटभर चहाबरोबर टाकली की झाले. वास्तविक ॲलोपॅथीच्या गोळ्यांनाही अनुपान असते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातले टॅनिन लोह अडवून धरते. लिंबूपाण्याबरोबर ते जास्त शोषले जाते. हिमोग्लोबिन कमी म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या आणि दर लेक्चरनंतर कटिंग पिणाऱ्या मुलींनी हे एकदा ताडून पाहावे. डॉक्सिसायक्लीन मुरुमांसाठीही देतात आणि पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणूनही. ती दुधाबरोबर घेतली तर कॅल्शियम तिला बांधून ठेवते. घोटभर पाण्यावर घेऊन लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेत अडकून तिथेच भाजते, दोन दिवस गिळताना छातीत कळ येते. पेलाभर पाणी आणि अर्धा तास उभे-बसलेले राहणे, एवढेच लागते. पॅन-डीतले पॅन्टोप्राझोल सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी, कारण पोटातले आम्लाचे पंप अन्न आल्यावर चालू होतात आणि औषध चालू पंपांनाच धरते. मिसळ खाऊन जळजळ झाल्यावर घेतलेली गोळी उशिरा पोचलेली असते.

आणि ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे तर कायद्यालाही मान्य नाही. औषध नियमांच्या शेड्यूल ई-१ मध्ये वचनाग, पारा यांसारख्या द्रव्यांची यादीच आहे. ती असलेली आयुर्वेदिक औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत असा इशारा लेबलवर लागतो. तापावर घरोघरी मिळणाऱ्या त्रिभुवनकीर्तीत वचनाग असतो. वैद्याच्या मात्रेत ते औषध. मोबाइलवरच्या फॉरवर्डवर विसंबून दुप्पट घेतले तर नाही.

मुलींच्या पर्समधल्या मेफ्टालबद्दल जरा वेगळे बोलायला हवे, कारण इथे तक्रार जास्त गोळ्यांची असतेच असे नाही. पाळीच्या वेदना प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे होतात आणि मेफ्टालमधले मेफेनॅमिक ॲसिड त्यांचे उत्पादनच रोखते. म्हणून ज्यांना डॉक्टरने ते दिले आहे त्यांनी कळा असह्य होईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. सुरुवातीलाच, खाऊन घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. ‘सहन करायला शीक’ हा घरातून मिळणारा सल्ला औषधशास्त्राला धरून नाही. उपाशीपोटी घेणे, दम्याचा किंवा अल्सरचा त्रास असताना घेणे, पाळी नसताना कुठल्याही दुखण्यावर तीच वापरणे, हे मात्र चूक. ३० नोव्हेंबर २०२३ ला भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली: क्वचित कुणाला त्यामुळे ड्रेस सिंड्रोम नावाची तीव्र ॲलर्जी होते. ताप, अंगावर पुरळ, सुजलेल्या गाठी. आणि हे सारे औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी, म्हणजे गोळीचा संशयही येऊ नये इतक्या उशिरा. अशा सूचना आकाशातून पडत नाहीत. देशभरातून आलेल्या तक्रारींतून त्या तयार होतात, आणि ती तक्रार रुग्ण स्वतः करू शकतो. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा फुकट नंबर, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे.

संकोचामुळे होणारे नुकसान आणखी एका गोळीत दिसते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची तातडीची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, नजर चुकवून दिली-घेतली जाते, आणि त्या लगबगीत विचारायचे राहून जाते: ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, राहिलेला गर्भ ती पाडत नाही, दर महिन्याची सोय म्हणून ती नाही.

गजकर्णाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी. जून-जुलैत पीजीच्या खोलीत जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, ती दमटच अंगावर चढते, हार्बर लोकलच्या गर्दीत घामाने भिजते. जांघेत खाजरे गोल चकंदळ उठते. डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून मेडिकलमधून शंभर रुपयांच्या आतली ट्यूब. तिच्यात बहुधा तीन औषधे असतात: बुरशीवरचे एक, जिवाणूंवरचे एक आणि क्लोबेटासॉलसारखे जबर स्टिरॉइड. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते, मुलगा खूश होतो. पण स्टिरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकलेली असते, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूब बंद केली की चकंदळ दुपटीने परत येते, आता कडा धूसर झालेल्या, म्हणून डॉक्टरलाही ओळखायला अवघड. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पांढुरके वण उमटतात. रूममेटचा टॉवेल वापरला तर दोघांची वाट लागते. भारतात गेल्या दशकात गजकर्ण इतके चिवट होण्याचे एक कारण म्हणून त्वचारोगतज्ज्ञ या ट्यूबांकडे बोट दाखवतात. टर्बिनाफिन या औषधाला न जुमानणाऱ्या या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळाले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. ते नाव आपल्या देशावरून पडले आहे, त्याचा अभिमान धरावा असे काही नाही. स्टिरॉइडची बरीच मलमे २०१८ साली शेड्यूल एच मध्ये आणली गेली. तीच मलमे गोरेपणासाठी चेहऱ्यावर लावणारे मुलगे-मुली आजही आहेत, आणि सोडायला गेले की चेहरा लालबुंद होऊन भाजू लागतो, म्हणून पुन्हा लावणारेही.

कायद्याने दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यापासून ठरलेले आहे. २०१२-१३ च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी हे खरोखर तपासायला सुरुवात केली; फार्मासिस्ट नाही, बिल नाही, चिठ्ठी नाही म्हणून परवाने निलंबित होऊ लागले आणि औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी बरीच शाई खर्ची पडली. आज काउंटरवर पाहिले तर त्या तपासणीतले फारसे काही उरलेले दिसत नाही.

मुले मेडिकललाच का जातात, याची कारणे त्यांच्या वेळापत्रकात आहेत. सरकारी ओपीडीची मुख्य वेळ सकाळची, लेक्चर सकाळचे आणि ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार. खासगी डॉक्टरची फी म्हणजे पीजीत राहणाऱ्याचे दोन-तीन दिवसांचे जेवण. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या राज्य सरकारच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार पूर्ण मोफत झाले आहेत, पण त्यासाठी अर्धा दिवस मोडावा लागतो. मेडिकलमध्ये पाच मिनिटे लागतात. ही ओढाताण लवकर संपणारी नाही, तेव्हा त्या पाच मिनिटांतच काही करता आले तर करावे. ज्या टोकाला तारीख आहे ते ठेवून दुसऱ्या टोकाकडून कापा, असे सांगता येते. आणि पाठीमागच्या छपाईचा फोटो काढून ठेवता येतो. ‘यात पॅरासिटामॉल आहे का?’ आणि ‘जेवणाआधी की नंतर?’ एवढे दोन प्रश्न विचारता येतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी औषध कसे घ्यायचे हे सांगणे फार्मासिस्टचे कामच ठरवले आहे, तेव्हा ‘कधीही घे’ असे उत्तर आले तर पुन्हा विचारायला हरकत नाही. मागे उभा असलेला गिऱ्हाईक कुरकुरेल, त्यालाही बहुधा डोलोच हवी असेल.